टेनिसच्या हंगामाचा जमाखर्च

नागपूरची इतवारी तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. लग्नाची साडी घ्यायची, सोने मोडायचे किंवा जोडायचे, किराण्याचे पोते भरायचे, म्हणजे भंडाऱ्याकडचा, उमरेडकडचा माणूस अजूनही इतवारीची वाट धरतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तेथे नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, आणि मागच्या वर्षीचे घेणे-देणे नव्या वहीत उतरवून घेतात. हिशेब आता यंत्रावर होत असला तरी पूजेला लाल कापडाची वही लागतेच.

अशाच एका संध्याकाळी सराफ्यातल्या एका पेढीवर मी बसलो होतो. तेथील वृद्ध मुनीमजींना वर्तमानपत्राचे शेवटचे पान वाचण्याची सवय. त्यांनी चष्मा वर सरकवून मला विचारले, "मास्तर, हे टेनिसवाले पहिला नंबर, पाचवा नंबर म्हणतात, तो नंबर ठरवते कोण? अन् एका साली वर असलेला माणूस दुसऱ्या साली दिसत नाही, तो जाते कुठं?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर द्यायला त्या दिवशी वेळ पुरला नाही. तेच आज सविस्तर सांगावे म्हणतो. खेड्यातल्या शाळेत टेनिसची जाळी क्वचितच असते, हे मला ठाऊक आहे. आमच्या नागपुरातही हा खेळ पुष्कळ वर्षे सिव्हिल लाइन्सच्या हिरवळीवर राहिला. रेल्वेचे रूळ ओलांडून तो इतवारीकडे काही आला नाही. तरी ज्याला हंगाम म्हणजे काय हे कळते, त्याला ही गोष्ट समजायला अडचण पडू नये.

झाडीपट्टीतली नाटके तुम्हांला माहीत आहेत. दिवाळी झाली, धान घरात आले, की वडशाच्या नाटक मंडळ्या बाहेर पडतात. आज या गावी, उद्या त्या गावी. रात्रभर नाटक, पहाटे सामान गाडीवर, आणि पुढचा मुक्काम. होळीपर्यंत हे चालते. वर्षाची मिळकत या चार-पाच महिन्यांत करायची असते. नटाचा घसा बसला तर त्या रात्रीचे काय, हा प्रश्न मंडळीच्या मालकाला रोज असतो.

पुरुषांचे व्यावसायिक टेनिस एके काळी अगदी असेच होते. जॅक क्रेमर हा अमेरिकन खेळाडू 1947 साली विम्बल्डन जिंकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पैसे घेऊन खेळू लागला. त्याचा पहिला सामना 26 डिसेंबर 1947 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, बॉबी रिग्जशी होता. त्या दिवशी शहरात एवढा बर्फ पडला की रस्त्यांवरच्या गाड्या जागच्या जागी अडकल्या. तरीही 15 हजारांहून अधिक माणसे तो सामना पाहावयास आली. त्या रात्री रिग्ज जिंकला. पुढे गावोगाव मिळून झालेल्या सामन्यांत मात्र क्रेमरने त्याला फार मागे टाकले.

पुढे क्रेमर स्वतःच मंडळीचा मालक झाला. चार खेळाडू, एक कापडी कोर्ट आणि ते वाहून नेणारी गाडी, एवढा सरंजाम. व्यायामशाळेत, बर्फावरच्या खेळाच्या मैदानात, जेथे जागा मिळेल तेथे ते कापड अंथरायचे, जाळी ताणायची, तिकिटे फाडायची, खेळायचे आणि रात्रीच पुढे निघायचे. 1958 साली पांचो गोन्झालिस आणि लू होड यांचे असे 87 सामने झाले. होड हा ऑस्ट्रेलियाचा. 1956 आणि 1957 असा लागोपाठ दोनदा विम्बल्डन जिंकून आलेला. सुरुवातीला तो 18 विरुद्ध 9 असा पुढे होता. मग त्याची पाठ धरली. हंगाम संपला तेव्हा गोन्झालिसचे 51 विजय झाले होते आणि होडचे 36. पाठ धरली म्हणून गावे थांबत नाहीत, तिकिटे विकलेली असतात. ही होडची पाठ लक्षात ठेवा; पुढे तिच्यासारखेच एक दुखणे येणार आहे.

आता यात चोरीचे ते काय, असे तुम्ही म्हणाल. कष्ट केले, पैसे घेतले. पण टेनिसच्या मोठ्या संस्थांचा नियम असा होता की, जो उघडपणे पैसे घेईल त्याला विम्बल्डनचे दार बंद, देशाच्या वतीने डेव्हिस चषकात खेळायचे दारही बंद. खेळ हौसेने खेळावा, हा त्यांचा दंडक. ऐकायला तो सोज्वळ वाटतो. पण हौस कोणाला परवडते, याचा विचार त्यात नव्हता. शिवाय जे हौशी म्हणवत त्यांतल्या कित्येकांना प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे मिळत, हे जगजाहीर होते. आपल्याकडे जत्रेतला कुस्तीचा फड पाहा. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत प्रत्येक इनाम हजारो लोकांसमोर पुकारले जाते. त्यामुळे पैलवानाची इज्जत कमी होत नाही, उलट वाढते. इतवारीतल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, वहीत लिहिलेला पैसा चांगला. न लिहिलेल्याचीच भीती. टेनिसच्या मोठमोठ्या मंडळींना हे उमगायला 1968 साल उजाडावे लागले.

या बंद दाराचा चटका एका भारतीयालाही बसला. रामनाथन कृष्णन हे मद्रासचे. 1959 साली क्रेमरने त्यांना तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलर देऊ केले. त्या वेळच्या दराने हे सात लाख रुपयांच्या वर होतात. कृष्णन यांनी नाही म्हटले. होय म्हटले असते तर विम्बल्डन आणि डेव्हिस चषक दोन्ही सुटले असते. पुढच्याच वर्षी, 1960 साली आणि पुन्हा 1961 साली, ते विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीपर्यंत पोचले. 1966 साली डेव्हिस चषकात कलकत्त्याला ब्राझीलच्या थॉमाझ कॉखविरुद्ध हातातून गेलेला सामना त्यांनी ओढून आणला आणि भारत प्रथमच अंतिम लढतीत गेला. मेलबर्नला आपण 4-1 असे हरलो. मला विचाराल तर कृष्णन यांचा नकार थोर होता खरा; पण माणसाला असा निवाडा करायला लावणारा नियम मात्र थोर नव्हता.

30 मार्च 1968 रोजी पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटनेने दार उघडले. त्याच वर्षी विम्बल्डनला प्रथमच रोख बक्षिसे दिली गेली. विजेत्या रॉड लेव्हरला 2,000 पौंड मिळाले. हा लेव्हर 1962 साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकून व्यावसायिक झाला होता, आणि म्हणून पुढली पाच वर्षे त्याला या मोठ्या स्पर्धांत खेळता आले नव्हते. केन रोजवॉलने तर 1957 पासून अकरा वर्षे बाहेर काढली. ही वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत. 1972 साली खेळाडूंनी आपली संघटना उभी केली, आणि तिचा कारभार पाहायला कोण बसला? तोच जॅक क्रेमर.

आता मुनीमजींच्या प्रश्नाकडे येऊ. नंबर ठरवते कोण? ऑगस्ट 1973 पासून तो यंत्र ठरवते. त्याआधी पत्रकार आणि जाणकार आपापल्या मताने याद्या करीत. कोणाची कोणाशी जुळत नसे. आता रीत अशी : वर्षभरात जगात ठिकठिकाणी स्पर्धा असतात. जानेवारीत ऑस्ट्रेलिया, मग अमेरिका, उन्हाळ्यात युरोपची लाल माती, जून-जुलैत इंग्लंडचे गवत, पुन्हा अमेरिका, शेवटी बंदिस्त जागेतले सामने. प्रत्येक स्पर्धेचे वजन ठरलेले. चार मोठ्यांपैकी एक जिंकली तर 2,000 गुण. त्याखाली 1,000, 500 आणि 250 गुणांच्या स्पर्धा. या गुणांची बेरीज म्हणजे खेळाडूचा नंबर, आणि नंबर चांगला असेल तरच मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश.

इथवर ठीक. पण या वहीत एक गोष्ट अशी आहे की जी इतवारीच्या कोणत्याही पेढीवर चालणार नाही. ही जमा 52 आठवड्यांनी आपोआप खोडली जाते. गेल्या वर्षी अमुक आठवड्यात 250 गुण मिळवले असतील, तर यंदा तो आठवडा येताच ते जातात. तेवढेच पुन्हा मिळवाल तर जागच्या जागी राहाल. आजारी पडाल तर खाली. सावकाराचे घेणे वर्षभरात वसूल झाले नाही तर ते बुडाले, असा कायदा झाला तर सराफ्यात काय होईल? टेनिसचा खेळाडू त्या कायद्याखाली जगतो.

मुनीमजींना पटावे म्हणून एकाच माणसाचे एकच वर्ष घेतो. ते वर्ष आपल्या महाराष्ट्रात सुरू झाले.

पुण्याजवळ बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी ते उभारले. भारतात या व्यावसायिक मालिकेतली एकच कायमची स्पर्धा होती. ती 1996 साली दिल्लीला सुरू झाली, दुसऱ्याच वर्षी मद्रासला, म्हणजे चेन्नईला गेली आणि 2017 पर्यंत तेथे राहिली. 2018 साली ती बालेवाडीला आली. 250 गुणांची स्पर्धा. पण नव्या वर्षाच्या अगदी पहिल्या आठवड्यातली. म्हणजे हंगामाची नवी वहीच पुण्यात उघडायची.

पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात फ्रान्सच्या जिल सिमोंने केव्हिन अँडरसनला हरवले. अँडरसन दक्षिण आफ्रिकेचा, उंची 203 सेंटिमीटर, म्हणजे आपल्या घराच्या चौकटीतून वाकून जाईल असा. (दक्षिण आफ्रिका म्हटले की एक आठवण होते. 1974 साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत पोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती. तेथील वर्णभेदामुळे आपण खेळलोच नाही, चषक सोडून दिला. विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू तेव्हा ऐन भरात होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी पुणेकर दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूला टाळ्या देत होते, हाही इतिहासच.)

पुण्यात हरलेल्या अँडरसनचे 2018 साल पुढे सोन्यासारखे गेले. जुलैत विम्बल्डनला त्याने पहिले दोन सेट गमावून रॉजर फेडररला हरवले. उपान्त्य फेरीत जॉन इस्नरशी त्याचा सामना 6 तास 36 मिनिटे चालला. शेवटचा सेट 26-24 असा संपला. तो सामना पाहून विम्बल्डनच्या कारभाऱ्यांनी पुढल्या वर्षापासून शेवटच्या सेटला मर्यादा घालण्याचा नियम केला. अंतिम सामन्यात थकलेला अँडरसन जोकोविचकडून हरला. तरी उपविजेत्याचे 1,200 गुण त्याच्या वहीत जमा झाले, आणि तो जगातल्या पहिल्या दहांत बसून 2019 मध्ये शिरला.

शनिवार, 5 जानेवारी 2019. बालेवाडीला पुन्हा अंतिम सामना, आणि समोर क्रोएशियाचा इवो कार्लोविच. हा अँडरसनहूनही उंच, 211 सेंटिमीटर, आणि वय 39 वर्षे, चाळिशीला दोनच महिने कमी. एवढ्या वयाचा माणूस या मालिकेच्या अंतिम फेरीत 1977 नंतर आला नव्हता. 1977 साली हाँगकाँगला जो आला होता तो 43 वर्षांचा केन रोजवॉल. होय, तोच, अकरा वर्षे दाराबाहेर राहिलेला.

दोघांचीही सर्व्हिस अशी की, चेंडू समोरच्याला दिसेपर्यंत मागच्या पडद्यावर आदळे. तिन्ही सेट 6-6 पर्यंत गेले आणि तिन्हींचा निकाल टायब्रेकवर लागला. टायब्रेक म्हणजे बरोबरी तोडण्यासाठी खेळलेला शेवटचा छोटा डाव. त्यात सात गुण आधी करील आणि दोनांनी पुढे राहील तो जिंकला. 7-6, 6-7, 7-6. अँडरसन जिंकला. मागच्या वर्षी जेथे हरला तेथेच त्याने नव्या वर्षाची पहिली जमा लिहिली : 250.

त्या वर्षाचे अखेरचे विजेतेपदही तेच ठरेल, असे त्या संध्याकाळी कोणाला वाटले असेल? पंधरवड्याच्या आत ऑस्ट्रेलियात तो दुसऱ्याच फेरीत हरला. मग कोपर दुखू लागले. मार्चमध्ये मायामीला उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि तेथे फेडररने त्याला सहज हरवले. युरोपच्या मातीवरचा सबंध हंगाम कोपराने खाल्ला. जुलैत विम्बल्डन आले आणि त्याबरोबर मागच्या सालचे 1,200 गुण खोडले गेले. तिसऱ्या फेरीत अर्जेंटिनाच्या गिदो पेयाने त्याला तीन सरळ सेटमध्ये हरवले. त्या फेरीचे गुण 90. बाराशे गेले, नव्वद आले. पाठोपाठ गुडघा गेला, आणि सप्टेंबरमध्ये वर्षाचा खेळ थांबवल्याचे त्याने जाहीर केले. पहिल्या दहांतला माणूस वर्षाखेरीस पहिल्या पन्नासांतही उरला नाही. त्या सालात त्याने एकच स्पर्धा जिंकली, ती पुण्याची. मे 2022 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतर पुन्हा थोडेसे खेळून पाहिले, पण जुनी जागा काही हाती आली नाही.

मुनीमजी, माणूस जातो कुठे, ते हे असे.

होडला पाठ असतानाही रोज रात्री नव्या गावी खेळावे लागे. अँडरसनला निदान घरी बसून शस्त्रक्रिया करता आली; एवढा फरक साठ वर्षांत पडला. दुखापत झालेल्याला काही काळ जुन्या नंबरावर प्रवेश मिळण्याचीही सोय आता आहे. पण खोडलेली जमा कोणी परत लिहून देत नाही.

शिक्षक मंडळींना यातला आणखी एक भाग विशेष सांगावासा वाटतो, तो आपल्या मुलांविषयीचा. मोठ्या स्पर्धेत नंबराशिवाय शिरण्याची एक वाट असते, तिला वाइल्ड कार्ड म्हणतात. भरवणाऱ्यांच्या हातात काही जागा असतात, त्या ते आपल्याकडच्या खेळाडूंना देतात. पुण्याच्या अर्जुन कढेला 2018 साली अशी जागा मिळाली. पहिल्याच फेरीत गाठ पडली दिल्लीच्या युकी भांबरीशी, आणि तो हरला. 2019 साली दुहेरीत रोहन बोपण्णा आणि दिविज शरण जिंकले, 2022 साली बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. म्हणजे दुहेरीत आपले लोक बक्षीस नेत होते. एकेरीत मात्र एकाही वर्षी भारतीय खेळाडू अंतिम फेरीला पोचला नाही.

2023 च्या पहिल्या आठवड्यात पुण्याचाच मानस धामणे हा मुलगा मुख्य स्पर्धेत उतरला. वय 15. आपल्याकडे या वयाची मुले नववी-दहावीच्या वर्गात असतात. समोर अमेरिकेचा मायकेल मो. 2-6, 4-6 असा तो हरला. आकडे पाहून हळहळू नका. पहिला सेट दोन गेममध्ये गेल्यावर दुसऱ्यात त्याने चार घेतले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. शिवाय त्या पोराला हा धडा घरच्या गावी, घरच्या भाकरीवर मिळाला. नाहीतर हाच अनुभव घ्यायला विमानाचे तिकीट, परगावचा मुक्काम, बरोबर शिकवणारा माणूस, रॅकेटच्या तारा, सगळा खर्च बापाच्या खिशातून. खालच्या नंबरांवरच्या खेळाडूची वही बहुतेक वेळा खर्चाच्याच बाजूने भरलेली असते. त्यासाठी तरी अशी स्पर्धा आपल्या प्रांतात असावी.

पण ती राहिली नाही. 2021 साल साथीत गेले. बाकीची धरून बालेवाडीला पाच वेळा ती झाली. जानेवारी 2023 मध्ये नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पोर जिंकला, तो तेथला शेवटचा विजेता. जानेवारी 2024 मध्ये त्याच आठवड्यातली स्पर्धा हाँगकाँगला झाली. भारतातून या दर्जाची स्पर्धा 1996 नंतर प्रथमच नाहीशी झाली. व्यावसायिक खेळात स्पर्धेची जागासुद्धा मालमत्ता असते, ती विकता येते, हलवता येते, हे आपल्याला तेव्हा नीट कळले. जत्रा गावची असते. ही जत्रा गावची नव्हती.

तरी बालेवाडीचे कोर्ट रिकामे पडले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये तेथे खालच्या दर्जाची, विजेत्याला 100 गुण देणारी स्पर्धा झाली. अशा स्पर्धांना चॅलेंजर म्हणतात. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरही त्यांना दोनच ओळी मिळतात. ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने. मोनॅको म्हणजे समुद्रकाठचा चिमुकला देश, आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवारात मावेल एवढा. पुढे हा मनुष्य दुखापतीने मागे पडला, दोनशेच्याही खाली घसरला. ऑक्टोबर 2025 मध्ये शांघायला तो पात्रता फेरीतून शिरला तेव्हा त्याचा नंबर 204 होता. ती 1,000 गुणांची स्पर्धा तो जिंकला. अंतिम सामन्यात समोर होता त्याचाच मावसभाऊ, फ्रान्सचा आर्थर रिंदर्कनेश.

हे मी मुनीमजींना सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "ते हजार केव्हा खोडणार?" मी म्हणालो, ऑक्टोबर 2026 मध्ये. त्यांनी मान हलवली आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळले.